पाकिटावरचं नाव: लातूरकडच्या एका मसाल्याचं प्रकरण

लातुरात माझी लहानशी प्रेस आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पूर्वीपासून होतीच, पण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त छापले असतील तर पाकिटांवरचे स्टिकर. शेवया, पापड, काळा मसाला, जवसाची चटणी, घाण्याचं तेल. प्रत्येक स्टिकरवर एक नाव असतं, आणि बहुतेक वेळा ते माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून, चहा येईपर्यंत ठरतं. असंच एक नाव पुढे त्या घराच्या अंगाशी आलं. त्यात माझाही हात होता, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. घरातल्या माणसांची नावं देत नाही.

घर आणि माल

गाव रेणापूर तालुक्यातलं. घरात सासू, दोन मुलं, दोन सुना आणि नातवंडं. सासूबाईंना सगळं गाव मावशी म्हणतं, मीही म्हणतो. थोरला मुलगा लातुरात नोकरीला, धाकटा शेती बघतो. मसाल्याचा धंदा कागदोपत्री थोरल्या सुनेच्या नावावर, कष्ट दोघी जावांचे आणि हात मावशींचा.

माल दोनच: काळा मसाला आणि येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला येसर सांगावा लागतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ असं धान्य खमंग भाजायचं, त्यात खडा मसाला घालून दळायचं. आमटीला लावलं की आमटी दाट होते, आणि लग्नघर कुठलं हे गल्लीच्या तोंडालाच वासावरून कळतं.

लॉकडाउनमध्ये धाकट्या सुनेनं पुण्याच्या आणि हैदराबादच्या नातेवाइकांना डबे पाठवले. डब्यांचे किलो झाले, आणि 2022 च्या दिवाळीला रेणापूर, लातूर, अंबाजोगाईतली काही किराणा दुकानं माल ठेवायला तयार झाली. दुकानदाराला मात्र पाकीट पाहिजे होतं. पाकीट म्हटलं की नाव आलं.

दहा मिनिटांत ठरलेलं नाव

थोरला प्रेसवर आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘तुळजाई टाका.’ घरची कुलस्वामिनी तुळजापूरची, त्यामुळे विचार करायचं काही कारणच नव्हतं. मीही केला नाही. माझ्याच कॉम्प्युटरात त्याआधी ‘तुळजा’नं सुरू होणाऱ्या तीन स्टिकरांच्या फाइली पडून होत्या, हे मला नंतर आठवलं.

शिवाय मी एक आगाऊपणा केला. नावाच्या कोपऱ्यात गोलातला ‘आर’ टाकला. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर असतो, शोभून दिसतो. ते चिन्ह नोंदणी झालेल्या नावालाच लावता येतं, नोंदणी नसताना लावणं कायद्याच्या विरुद्ध आहे, हे वीस वर्षं छपाई करून मला माहीत नव्हतं. नोंदणी नसेल तर ‘टीएम’ लावायचं असतं. त्याचा अर्थ एवढाच की हे नाव मी चिन्ह म्हणून वापरतोय.

पहिले काही महिने साध्या पाउचवर माझे स्टिकर चालले. मग थोरल्यानं धाडस केलं आणि छापील लॅमिनेटेड पाउच हैदराबादहून करून आणले. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा धातूचा सिलिंडर कोरतात. चार रंग, चार सिलिंडर. स्टिकरवरचं नाव बदलायला मला पाच मिनिटं लागतात. सिलिंडरवरचं नाव कोरलेलं असतं, ते बदलायचं म्हणजे सिलिंडर नवा.

नोटीस

2023 च्या उन्हाळ्यात एका वकिलाची नोटीस आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मसाल्याच्या फर्मनं पाठवलेली. त्यांचं नाव वेगळं होतं, पण सुरुवात तीच आणि कानाला जवळजवळ सारखं. त्यांची नोंदणी आमच्या पाकिटाच्या कितीतरी आधीची, वापर त्याहून आधीचा. मागणी सरळ होती: नाव थांबवा, शिल्लक पाउच नष्ट करा, नोंदणीचं खोटं चिन्ह वापरल्याबद्दल खुलासा द्या.

थोरला तावातावानं आला. ‘देवीचं नाव हाय. देवी काय त्येंच्या एकट्याची हाय का? आन् आपल्याकडं समदी कागदं हायत की!’

कागदं खरंच होती. त्यानं पिशवीतून एकेक काढून टेबलावर मांडली: उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक, दुकान परवाना, बँकेचं चालू खातं. सगळ्यांवर ‘तुळजाई’ लिहिलेलं. माझ्या स्टुलावर बसणाऱ्या दहातल्या नऊ माणसांचा समज हाच असतो की सरकारी कागदावर नाव आलं म्हणजे ते आपलं झालं.

तसं नसतं. उद्यम नोंदणीतून सरकारला कळतं की अमुक धंदा आहे. अन्नसुरक्षेचा क्रमांक सांगतो की माल कुणी बनवला हे शोधता येईल. दुकान परवाना दुकानाचा. हे नाव आधी कुणी घेतलंय का, हे यातला एकही कागद तपासत नाही. कंपनी काढली तर कंपनी निबंधक काही अंशी तपासतात, आणि मंजूर झालेलं नाव वीस दिवस राखून ठेवतात, तेवढ्यात कंपनीची नोंदणी उरकायची. पण त्यानंही बाजारातल्या पाकिटावरच्या नावाची मालकी मिळत नाही. ती मिळते 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली, किंवा नोंदणी नसेल तर सर्वांत आधीच्या आणि सलग वापरातून. आधी वापरणाऱ्याला कायदा नोंदणीवाल्यापेक्षाही वरचं स्थान देतो. आमच्या प्रकरणात समोरची फर्म दोन्ही बाबतींत पुढे होती.

संभाजीनगरच्या एका वकिलांकडे गेलो. मी नुसता सोबतीला, पण गोलातल्या ‘आर’मुळे अर्धा आरोपीच. ‘देवी सगळ्यांचीच’ हा मुद्दा थोरल्यानं तिथंही मांडला. वकीलसाहेब म्हणाले, ‘बरोबर आहे. म्हणूनच तुमची अडचण आहे.’ मग त्यांनी 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. उदबत्तीला ‘रामायण’ हे नाव एकट्याच्या मालकीचं करून मागितलं होतं, न्यायालयानं नाही म्हटलं. धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाची मक्तेदारी होत नाही. देवादिकांची नावं असलेली चिन्हं देशात ढिगानं नोंदलेली आहेत, कुणी शेपूट जोडून, कुणी चित्र जोडून. पण अशा नावाचं कुंपण फार तोकडं असतं. शेजारी दुसरा त्याच नावाला वेगळं शेपूट लावून उभा राहतो, आणि तुम्ही त्याला हटकायला गेलात तर तुमच्या आधीचा तिसरा तुम्हालाच हटकतो.

थोरला म्हणाला, ‘पर आपलं नाव अक्षरानं येगळं हाय.’ तेव्हा ‘अमृतधारा’चा निकाल निघाला. औषधाचं हे नाव जुनं आणि प्रसिद्ध, दुसऱ्यानं त्याच तऱ्हेच्या औषधाला ‘लक्ष्मणधारा’ म्हटलं. 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सामान्य गिऱ्हाईक शब्द फोडून, एकात अमृत आहे आणि दुसऱ्यात लक्ष्मण, असा अर्थ लावत बसत नाही. त्याला अर्धवट आठवतं, त्या आठवणीवर तो माल मागतो. म्हणून दोन्ही नावं घोटाळा होण्याइतकी सारखी ठरली. तरी दुसऱ्या पक्षाचा वापर बरीच वर्षं चालू होता आणि पहिल्यानं तो चालू दिला होता, म्हणून त्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. अक्षरं न्यायाधीशांसमोर वेगळी दिसतात, दुकानात ती कानावर पडतात.

हे आम्हाला पटलं, कारण तसा अनुभव येऊन गेला होता. अंबाजोगाईच्या एका दुकानदारानं धाकट्या सुनेला फोन करून झापलं होतं, मसाल्यात मीठ जास्त झालंय म्हणून. मावशी मसाल्यात मीठ घालतच नाहीत. पाकीट बघितलं तर दुसऱ्याचं निघालं. आपल्या नावानं दुसऱ्याचं मीठ खाल्लं, असं मावशी म्हणाल्या. नोटिशीपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं होतं.

भांडायचं नाही असं ठरलं. वकिलांनी उत्तर लिहिलं: नाव थांबवतो, चिन्ह चुकून लागलं, शिल्लक माल अमुक दिवसांत संपवतो. समोरच्यांनी ते मान्य केलं. पाउच गेले, सिलिंडर भंगारात गेले. स्टिकरचे पैसे मी परत दिले, घेताना थोरला काही बोलला नाही.

घरातली बैठक

नवं नाव ठरवायला घरी बोलावलं. ओसरीवर मावशी, दोघी सुना, दोघं भाऊ, नातवंडं. मी वही घेऊन बसलो. इतकी वर्षं लोकांची नावं छापली, पण नाव कसं ठरतं हे पहिल्यांदा बघितलं ते त्या ओसरीवर.

थोरल्यानं मोबाइलवर बराच अभ्यास केला होता. ‘निरमा’चं उदाहरण त्यानं पहिलं टाकलं. 1969 मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी धुण्याची पावडर काढली आणि मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून तिला नाव दिलं. ‘आपण बी पोरीचं नाव देऊ.’ कल्पना गोड होती, पण घरात नाती तीन. थोरल्याच्या दोन आणि धाकट्याची एक. थोरली सून ताटातले शेंगदाणे निवडत राहिली, धाकटी उठून चहा ठेवायला गेली. मावशींनी विषय तिथंच मिटवला: ‘पोरी उद्या सासरी जातील, मसाला हितंच ऱ्हाईल.’

मग आडनाव. बेडेकर, किर्लोस्कर, बजाज, आडनावावर उभे राहिलेले धंदे काही थोडे नाहीत. आपल्या नावानं प्रामाणिकपणे धंदा करण्याला कायद्याचीही मुभा आहे. पण यांचं आडनाव असं की अर्ध्या तालुक्याचं तेच. चुलतभावानं उद्या मिरचीचा कारखाना काढला तर त्यालाही तीच मुभा.

धाकटा म्हणाला, ‘शिवराय मसाले.’ मी मान हलवली. 1950 चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापाराला वापरता येत नाही. ‘शिवराय’ त्यात मोडतं की नाही यावर वकील पैसे कमावतील, आपण कशाला? एवढं बोललो तर धाकटा माझ्याकडे जरा रागानं बघायला लागला. त्याचा महाराजांवर जीव आहे. मग मी गप्प बसलो.

गावाचं नाव, जिल्ह्याचं नाव, ‘मराठवाडा’ या शब्दासकट, सगळं वहीत उतरलं. गावाच्या नावाची गंमत अशी की ते माल कुठला हे सांगतं, कुणाचा हे सांगत नाही. व्यापारचिन्ह कायद्याचं कलम 9 नेमकं त्याच कारणानं आडवं येतं: मालाचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा भौगोलिक मूळ एवढंच सांगणारा शब्द एकट्याला मिळत नाही. मुंबईतल्या विलेपार्ल्यावरून ‘पार्ले’ झालं हे खरं, पण 1929 पासूनच्या, घराघरांत पोचलेल्या बिस्किटवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यात आपल्याकडे गावांची नावं बदलतात. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं मोमिनाबाद होतं. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तेव्हा माझ्याकडे लेटरहेड आणि बिलबुकं बदलून घ्यायला रांग लागली होती. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे.

थोरल्या सुनेचं म्हणणं होतं की निलंग्याकडच्या बोरसुरीच्या तूरडाळीसारखा भौगोलिक मानांकनाचा काही आधार घेता येईल का. चौकशी सुरू होती, आणि 2024 मध्ये बोरसुरीला ते मिळालंही. पण मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं, आपल्या मसाल्याचं नाव म्हणून ते उपयोगाचं नाही.

‘स्वाद’, ‘चव’, ‘घरगुती’, ‘गावरान’ ही नावं धाकट्या सुनेनं सुचवली आणि स्वतःच खोडली. ती बारावी शिकलेली आहे आणि माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात तल्लख डोकं तिचं. तिचा प्रश्न होता: ‘लज्जत पापडाला चालतं मग?’ प्रश्न बिनतोड होता. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि 1962 मध्ये स्पर्धा घेऊन ‘लिज्जत’ हे नाव निवडलं. गुजरातीत त्याचा अर्थ चवच. मराठी माणूस त्याला ‘लज्जत’ म्हणतो तेव्हा तो अर्थच उच्चारतो. ज्या शब्दाचा अर्थ थेट माल सांगतो, तो शब्द वर्षानुवर्षांच्या वापरानं एकाचा होऊ शकतो, कायद्यालाही ते मान्य आहे. पण त्यासाठी तेवढी वर्षं आणि तेवढे पापड विकावे लागतात. आपलं पहिलं पाकीट उद्या निघणार आहे.

मग थोरल्यानं दुसरं टोक गाठलं, कशाचाच अर्थ नको. त्याच्या मोबाइलात ‘कोडॅक’ होतं. जॉर्ज ईस्टमननं 1888 मध्ये हा शब्द बनवला. ‘के’ हे अक्षर त्याला जोरकस वाटायचं, म्हणून दोन्ही टोकांना तेच. शब्द आखूड, कुठल्याही भाषेत बिघडत नाही, कशाशीच मिळताजुळता नाही. ‘सोनी’ही तशीच. मूळ जपानी नाव बाहेरच्यांना उच्चारता येईना, म्हणून आवाजासाठी असलेला लॅटिन शब्द आणि इंग्रजीत पोराला लाडानं म्हणतात तो शब्द एकत्र करून नवं नाव बनवलं, आणि 1958 मध्ये कंपनीलाच ते दिलं. आद्याक्षरांची नावं आणखी वेगळी. आणंदच्या दूध संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘अमूल’ झालं आणि योगानं ‘अमूल्य’शी जुळलं. आपल्या जालन्याची ‘महिको’ही 1964 ची महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीच. मराठवाड्यातला शेतकरी ‘महिको’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लांबलचक नाव कुठं असतं? संभाजीनगरात तर ‘सिडको’त राहणाऱ्या लोकांना ते एका महामंडळाचं आखूड नाव आहे हे आठवावं लागतं.

थोरल्यानं दोघा भावांच्या, दोघी जावांच्या आणि मावशींच्या नावांची आद्याक्षरं जोडून काहीतरी बनवलं. जोरात वाचलं तर ते ट्रॅक्टरच्या सुट्या भागाचं नाव वाटलं. सगळे हसले, तोही हसला.

चिपटं

त्या दिवशी नाव ठरलं नाही. निघताना मावशींनी थोडी तूरडाळ बांधून दिली. कोठीतून त्यांनी एक पितळी माप काढलं, काठाला झिजलेलं, आणि डाळ मोजून पिशवीत ओतली. धाकट्याच्या पोरानं विचारलं, ‘आज्जे, हे काय हाय?’ मावशी म्हणाल्या, ‘चिपटं.’

पोराला माहीत नव्हतं. मावशींनी हातानं दाखवत सांगितलं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धाकटी सून दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मामीसायब, हेच की.’

इथं एक खुलासा. खरं नाव या मापांच्या घराण्यातलंच दुसरं आहे. अर्जाचा निकाल लागलेला नाही, म्हणून या लेखात मी त्याला ‘चिपटं’ म्हणतो. त्या दुसऱ्या मापालाही पुढचं सगळं तसंच लागू आहे.

मला ते का आवडलं ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाला शब्द ऐकताच कोठी, जातं, सुगी आठवते. तरुणाला तो नवाच आहे, म्हणून तो ‘म्हणजे काय?’ असं विचारतो आणि एकदा विचारलं की विसरत नाही. मसाल्याबद्दल शब्द काहीच सांगत नाही. मसाला चिपट्यानं मोजत नाहीत, तो वजनावर जातो. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, देवाचं नाही, गावाचं नाही, भाऊबंदाचं नाही.

पण पहिल्या वेळी चहा येईपर्यंत ठरवून भोगलं होतं, म्हणून या वेळी महिनाभर घासून बघितलं.

धाकट्या सुनेनं एक साधी परीक्षा काढली. ओळखीच्या दहा दुकानदारांना फोन केला, नाव एकदाच सांगितलं, आणि आठ दिवसांनी परत फोन करून विचारलं, त्या नव्या मसाल्याचं नाव काय? कुणी चिपटं म्हणालं, कुणी मापटं, एकाला पायली आठवली, एकाला काहीच नाही. मापटं म्हणणारे का चुकले हे लगेच कळतं, पण मापच आहे एवढं बाकी सगळ्यांना आठवलं. ‘तुळजाई’च्या वेळी अशी परीक्षा घेतली असती तर दहाही जणांना आठवलं असतं, आणि दहाही जणांना दुसऱ्या कुणाचं तरी.

रोमन लिपीत अडचण आली. शेवटचा अनुस्वार कसा लिहायचा? ‘एम’ लावला तर इंग्रजी शाळेतली पोरं ‘चिपटम’ वाचतात, ‘ए’ लावला तर ‘चिपटा’ होतं. पहिली अक्षरं वाचून एका नातवानं ‘चिप्स हायत का?’ असंही विचारलं. ‘तुळजाई’लाही हा त्रास होताच, रोमनमध्ये ‘ळ’ला अक्षर नाही. शेवटी देवनागरी मोठं आणि रोमन लहान, ‘ए’ लावून, असं ठरलं.

हैदराबादच्या मेहुण्यानं वेगळीच माहिती दिली. तेलुगूत ‘चिप्पा’ म्हणजे नारळाची करवंटी किंवा तसली वाटी. थोरला धास्तावला, कारण गिऱ्हाईक तिकडंही आहे. मला त्यात अपशकुन दिसला नाही, वाटी तर वाटी. खरी अडचण काय असते ते मित्सुबिशीच्या ‘पजेरो’त दिसतं. स्पॅनिशमध्ये तो शब्द शिवीसारखा आहे, म्हणून स्पेनमध्ये ती गाडी ‘मोंतेरो’ या नावानं विकली. उलट शेव्हरोलेची ‘नोव्हा’ स्पॅनिशमध्ये ‘चालत नाही’ असा अर्थ होत असल्यामुळे आपटली, ही सगळ्यांच्या तोंडची गोष्ट खोटी आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित विकली गेली. लोक शब्दाची फोड करत बसत नाहीत, अमृतधाराच्या निकालातलं तेच.

मग शोध. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट करता येतो आणि त्यात उच्चारावरून शोधण्याचीही सोय आहे. मराठी शब्द रोमनमध्ये चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी तीच खिडकी महत्त्वाची. चिन्हं मालाच्या वर्गांनुसार नोंदतात, मसाल्याचा वर्ग 30. त्या वर्गात तसं काही निघालं नाही. ‘तुळजाई’साठी हा शोध घ्यायला अर्धा तास लागला असता. चहा दोनदा सांगावा लागला असता, एवढंच.

अर्ज आणि हरकत

2023 च्या शेवटी अर्ज केला. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. प्रायव्हेट लिमिटेड काढायचा थोरल्याचा हट्ट वकिलांनी तूर्त बाजूला ठेवला. अर्ज थोरल्या सुनेच्या नावानं, कारण धंदा तिच्या नावावर. पुढची वाट अशी: तपासनीस अहवाल देतो, हरकत असेल तर महिन्याच्या आत उत्तर, नाही पटलं तर सुनावणी, मग व्यापारचिन्ह कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध करता येतो, आणि सगळं पार पडलं तर दहा वर्षांची नोंदणी, पुढे नूतनीकरण.

2024 मध्ये अहवाल आला. दुसऱ्या कुणाच्या नावाशी साम्य नाही. हरकत एकच, कलम 9: शब्द ‘प्रमाण’ दाखवतो.

मला हसू आलं, थोरल्याला रडू. ज्या मापाला गावातल्या पोरानं ओळखलं नाही, ते तपासनीसानं ओळखलं. कुणी जाणता मराठी माणूस असणार. वकिलांचं उत्तर मला आवडलं. देशात 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, शेर-पायली व्यापारातून कायद्यानं गेली. आज पाकिटावर वजन ग्रॅममध्येच छापावं लागतं. चिपटं हे धान्याचं माप होतं, मसाल्याचं कधीच नव्हतं. म्हणून मसाल्याच्या पाकिटावर हा शब्द प्रमाण सांगत नाही, नुसती ओळख सांगतो. सोबत बिलं, दुकानांचे फोटो आणि माझ्या प्रेसची छपाईची बिलंही जोडली. सुनावणी व्हायची आहे.

दरम्यान माल चालू आहे, स्टिकरवरच. ‘टीएम’ आहे, गोलातला ‘आर’ नाही. सिलिंडर निकालानंतरच कोरायचे, हे मावशींनी बजावलंय.

गेल्या महिन्यात रेणापूरच्या बाजारात एका दुकानात उभा होतो. एक बाई आली आणि म्हणाली, ‘एक चिपटं द्या.’ दुकानदारानं न विचारता दोनशे ग्रॅमचं पाकीट काढून दिलं. मागून आलेल्या दुसरीनं ‘अर्धं चिपटं’ मागितलं, तिला शंभरचं दिलं. माझ्या पोटात गोळा आला. वनस्पती तुपाला सगळं गाव डालडा म्हणायचं ते आठवलं. ते नाव ‘दादा’ या डच कंपनीच्या नावात लिव्हर कंपनीचा ‘एल’ घालून 1937 मध्ये बनवलेलं होतं, पण माझी आजी कुठल्याही डब्याला डालडाच म्हणायची.

संध्याकाळी वकिलांना फोन करून हा किस्सा सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘धंद्यासाठी छान आहे. सुनावणीला मात्र त्या दुकानदाराला आणू नका.’